रोगजंतूंची ओळख कशी पटते?

२०२२ च्या अखेरीस मुंबई आणि भिवंडीप्रमाणेच नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथेही गोवराची साथ पसरली. अंगावर पुरळ उठते व काही दिवसांत मावळते, एवढाच या आजाराविषयी सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात गोवराचा विषाणू शत्रूची ओळख पटविणाऱ्या यंत्रणेवरच घाला घालतो. तो कसा, हे कळण्यासाठी या यंत्रणेचे कार्य समजून घ्यावे लागते.

प्रतिजन म्हणजे काय?

रोगजंतूच्या ज्या अंशाला शरीर परके म्हणून ओळखते, त्यास प्रतिजन म्हणतात. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी-पेशी अखंड प्रतिजनाशी थेट जोडल्या जाऊ शकतात. टी-पेशींना मात्र ते साधत नाही. प्रथिनाचे बारीक तुकडे करून, ते एका विशिष्ट रेणूच्या खोबणीत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर मांडावे लागतात. तेव्हाच टी-पेशी त्यांची दखल घेतात. या रेणूंना एमएचसी, तर मानवामध्ये एचएलए असे नाव आहे. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असून ती व्यक्तीगणिक भिन्न असतात. अवयव प्रत्यारोपणापूर्वी ती जुळवून पाहतात, ते याच कारणाने.

दोन मार्ग

पहिला मार्ग केंद्रक असलेल्या जवळजवळ सर्व पेशींमध्ये आढळतो. विषाणू पेशीत शिरून स्वतःची प्रथिने तयार करू लागला, की प्रोटिएझोम नावाची यंत्रणा त्यांचे तुकडे करते. साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे हे तुकडे पहिल्या वर्गाच्या एमएचसी रेणूवर बसून पृष्ठभागावर येतात. ते पाहून मारक टी-पेशी त्या बाधित पेशीचा नाश करतात.

दुसरा मार्ग डेन्ड्रिटिक पेशी, महाभक्षी पेशी व बी-पेशी यांचा. या पेशी बाहेरील जंतू गिळतात, आम्लयुक्त पिशव्यांत त्यांचे विघटन करतात आणि दुसऱ्या वर्गाच्या रेणूवर तुकडे मांडतात. हे तुकडे साहाय्यक टी-पेशींसाठी असतात. त्या पुढे बी-पेशींना व मारक पेशींना चालना देतात.

डेन्ड्रिटिक पेशींचा शोध राल्फ स्टाइनमन व झान्विल कोन यांनी १९७३ मध्ये लावला. टी-पेशी प्रतिजनाबरोबर स्वकीय एमएचसीही पारखतात, हे १९७४ मध्ये रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी दाखविले. त्यांना १९९६ चे, तर स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गोवराचा घाला

श्वासावाटे शिरलेला जंतू टिपून तो लसीका ग्रंथीपर्यंत नेणे, हे डेन्ड्रिटिक पेशींचे काम. गोवराचा विषाणू फुप्फुसातील याच पेशींना आणि महाभक्षी पेशींना बाधित करतो आणि त्यांच्याच आधारे लसीका ग्रंथी गाठतो. तेथे तो पूर्वीच्या आजारांची स्मृती जपणाऱ्या टी व बी-पेशींचा नाश करतो. टी-पेशी त्वचेतील बाधित पेशींवर हल्ला चढवितात, त्यातून पुरळ उमटते. म्हणजे पुरळ ही प्रतिकार सुरू झाल्याचीच खूण होय.

क्षयाच्या ट्युबरक्युलिन चाचणीस प्रतिसाद देणारी मुले गोवराच्या काळात प्रतिसाद देईनाशी होतात, हे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदविले होते. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांवरील संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोवरानंतर या मुलांच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातील ११ ते ७३ टक्के वैविध्य नाहीसे झाल्याचे त्यात आढळले. गोवरातून बरे झालेले मूल पुढे न्यूमोनिया वा अतिसाराला सहज बळी पडते, त्याचे एक कारण हेच. कुपोषित बालकांत हा धोका अधिक असतो.

लस काय करते?

लसीतील दुर्बल केलेला विषाणू प्रतिजन मांडण्याची हीच प्रक्रिया घडवून आणतो. मात्र जुनी स्मृती पुसत नाही. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. पहिल्या मात्रेने काही बालकांत संरक्षण निर्माण होत नाही, म्हणून दुसरी चुकवू नये. गोवर झालेल्या बालकास वैद्यकीय सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा देणेही आवश्यक असते. वेळेवर घेतलेली लस केवळ गोवरापासून नव्हे, तर इतर आजारांविरुद्ध शरीराने कमावलेल्या स्मृतीचेही रक्षण करते.