फ्यूज का उडतो? असेंबल्ड अ‍ॅम्पचा शंभर वर्षांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे अ‍ॅम्प्लिफायर. मोबाइलमधला नाही. गावातल्या बिछायत केंद्रात असतो तो: लोखंडी डबा, पुढे चार नॉब, मागे जाळी, आणि उचलताना कंबर धरते तो. इतिहास म्हटलं की आपण शोधांची यादी करतो, कोणी काय आणि कधी शोधलं. आज उलट्या बाजूने जाऊ. या डब्यातला जवळजवळ प्रत्येक पार्ट म्हणजे कुठल्या तरी जुन्या बिघाडाला दिलेलं उत्तर आहे. बिघाड कळला की पार्ट कळतो, आणि पार्ट कळला की दुरुस्ती जमते.

रात्रभर चालणारं नाटक

मी मूळचा धानोऱ्याचा. गडचिरोलीहून मुरूमगावच्या, म्हणजे छत्तीसगडच्या दिशेने निघालात की तीसेक किलोमीटरवर आमचं तालुक्याचं गाव लागतं. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची.

आमच्याकडे धानाची कापणी आणि दिवाळी झाली की मंडया भरतात आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं. तिथून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया असे दौरे चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांनाही हे नाव ऐकू आलं. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. उघड्या शेतात मंडप, समोर गर्दी, गाणी लाइव्ह. सगळ्यात मागे चटईवर बसलेल्या आजीलाही संवाद कळला पाहिजे.

आता विचार करा, रात्री दोन वाजता अ‍ॅम्प बंद पडला तर? पार्टचं दुकान उघडं नाही, नागपूर दीडशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे अ‍ॅम्प जोडणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच असणं ही इथे हौस नव्हती, गरज होती.

ती कानठळ्या बसवणारी शिट्टी

नाटकात स्टेजवर टांगलेला माईक मध्येच ‘कूंऽऽऽ’ करून ओरडतो, ते सगळ्यांनी ऐकलं असेल. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, अ‍ॅम्प तो वाढवतो, तो पुन्हा माईकमध्ये शिरतो. फेरा थांबतच नाही. याला फीडबॅक म्हणतात, आणि साउंडवाल्याचा तो जुना वैरी आहे. गंमत म्हणजे हाच फीडबॅक उलटा करून अ‍ॅम्पच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न सुटला.

ली डी फॉरेस्टने १९०६ साली तीन टोकांची व्हॉल्व्ह बनवली आणि पुढे तिच्यामुळे छोटा सिग्नल मोठा करता येऊ लागला. पण व्हॉल्व्ह सिग्नल मोठा करताना तो थोडा वाकडाही करायची. अमेरिकेत टेलिफोनच्या लांब लाइनवर असे अ‍ॅम्प्लिफायर एकामागे एक लावावे लागत. प्रत्येक जण थोडा वाकडेपणा घालणार आणि शेवटी बोलणं ओळखू येणार नाही.

बेल लॅब्समधला हॅरॉल्ड ब्लॅक यावर काही वर्षं डोकं फोडत होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी तो कामावर जायला नदी ओलांडत होता. फेरीबोटीत त्याला उत्तर सुचलं आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ते मांडलं: आउटपुटचा थोडासा भाग उलटा करून परत इनपुटला द्यायचा. मग अ‍ॅम्प स्वतःची चूक स्वतःच वजा करत राहतो. त्याबदल्यात आवाज वाढवण्याची ताकद थोडी सोडून द्यावी लागते. ही कल्पना इतकी विचित्र वाटली की पेटंट हातात यायला १९३७ उजाडलं. आज कुठलाही असेंबल्ड अ‍ॅम्प उघडा, आउटपुटकडून पुढच्या ट्रान्झिस्टरकडे परत जाणारा एक साधा रेझिस्टर दिसेल. ब्लॅकचा तो कागद म्हणजे हा रेझिस्टर.

आवाज कोणाचा मोठा होणार?

आपल्याकडे त्या काळात लाऊडस्पीकर म्हटलं की मोटवाने कुटुंबाची ‘शिकागो रेडिओ’ कंपनी. गांधी-नेहरूंच्या सभांचे जुने फोटो झूम करून बघा, माईकवर हे नाव दिसेल. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. कोणाचा आवाज किती लांब जाणार, हा प्रश्न तेव्हाही नुसता वायरिंगचा नव्हता.

घरी अ‍ॅम्प जोडणाऱ्यांसाठी मोठं वर्ष १९४७. ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं सर्किट दिलं, बांधणीच्या तपशिलासकट. जगभरच्या हौशी लोकांनी ते जोडलं. अडचण एकच: आउटपुट ट्रान्सफॉर्मर अगदी काटेकोर गुंडाळावा लागायचा. तो बिघडला की सगळं बिघडलं. आणि व्हॉल्व्हचं व्होल्टेज शेकड्यात, म्हणजे हात लागला की संपलं.

त्याच वर्षी डिसेंबरात बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर जन्मला.

दोन जुळे ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टर एनपीएन आणि पीएनपी अशा दोन जातींचे. एक ढकलणारा, एक ओढणारा, अशी जोडी लावली की स्पीकर मागे-पुढे हलतो. पण १९५०च्या दशकात दोन्ही जातींचे सारख्या ताकदीचे पॉवर ट्रान्झिस्टर मिळतच नव्हते. १९५६ साली हंग चँग लिन या इंजिनिअरने तोड काढली. मोठे ट्रान्झिस्टर दोन्ही एकाच जातीचे ठेवायचे, आणि उलटापालट त्यांच्या आधीच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर सोपवायची. जड आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गरजही संपली.

पुढे आरसीए कंपनीचा २एन३०५५ आला. खंडाळ्याच्या घाटात गाडी ओढणारं इंजिन असतं ना, तसा हा: १५ अँपिअर, ६० व्होल्ट, चपट्या टोपीसारखं धातूचं अंग. एनपीएन, स्वस्त, कुठेही मिळणारा. लिनचं सर्किट आणि २एन३०५५ ची जोडी, या दोन गोष्टींवर आपल्याकडच्या असेंबल्ड अ‍ॅम्पची कित्येक वर्षं गेली.

असाच एक डबा मागच्या हिवाळ्यात माझ्या हाती आला. गावातलं एक बिछायत केंद्र बंद झालं, त्यांच्याकडून घेतला. तक्रार एका ओळीची: चालू केला की फ्यूज उडतो.

सिरीज बल्ब नावाचा डॉक्टर

अशा वेळी मोठा फ्यूज टाकून बघायचा नसतो. जुन्या मेकॅनिकच्या टेबलावर एक सिरीज बोर्ड असतो: साधा पिवळा १०० वॅटचा बल्ब, आणि अ‍ॅम्पची वीज त्याच्यातून जाते. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. आत ठीक असेल तर कंडेन्सर भरेपर्यंत क्षणभर चमकतो आणि मंद होतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच लागतो.

माझा बल्ब लखलखीत पेटला. मग एकेक भाग सोडवत जायचं. ट्रान्सफॉर्मरच्या पुढचं सगळं काढलं, बल्ब विझला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. रेक्टिफायर जोडला, ठीक. अ‍ॅम्पचा बोर्ड जोडला, पुन्हा लख्ख. कोडमध्ये आपण अर्धे बदल मागे घेऊन बग शोधतो ना, तीच पद्धत.

वीज काढली, कंडेन्सर रिकामे केले (हे विसरायचं नाही, बंद डब्यातही झटका बसतो) आणि मल्टिमीटर लावला. एका २एन३०५५ चे कलेक्टर आणि एमिटर दोन्ही दिशांनी शून्य दाखवत होते. म्हणजे शॉर्ट. त्याच्या आधीचा छोटा ट्रान्झिस्टरही गेलेला.

बरेच जण इथे पार्ट बदलतात, डबा बंद करतात आणि आठवड्याने तोच डबा परत येतो. कारण जळालेला पार्ट हा बहुतेकदा बळी असतो, गुन्हेगार वेगळाच असतो. क्रॅश जिथे होतो तिथेच बग असेल असं थोडंच आहे?

गुन्हेगार कोण?

ढकलणारा आणि ओढणारा यांच्यात काम बदलताना आवाजात खरखर येते. ती टाळायला दोघांनाही किंचित चालू ठेवावं लागतं. याला बायस म्हणतात. पण ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच बायसवर तो जास्त करंट खेचतो. जास्त करंट म्हणजे जास्त ताप, आणि जास्त ताप म्हणजे आणखी करंट. माईकच्या शिट्टीसारखाच हा फेरा, फक्त उष्णतेचा. दर एका अंशाला साधारण २ मिलिव्होल्टचा हिशोब सरकतो आणि शेवटी ट्रान्झिस्टर स्वतःला जाळून घेतो.

यावरचा उपाय सुंदर आहे. बायस देणारे छोटे डायोड त्याच हीटसिंकला चिकटवायचे. हीटसिंक तापला की डायोडही तापतात आणि बायस आपोआप कमी करतात. माझ्या डब्यात हे डायोड सुटून हवेत लोंबकळत होते. गोंद सुकलेला. ट्रान्झिस्टर तापत होता आणि डायोडला त्याची खबरच नव्हती.

आणखी एक जागा तपासायची. २एन३०५५ चं धातूचं अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर. हीटसिंकपासून वेगळं ठेवायला खाली अभ्रकाची पातळ चकती असते. तिला चीर गेली तरी शॉर्ट.

डायोड परत बसवले, नवी जोडी, नवी चकती, पांढरी पेस्ट. बल्ब चमकून मंद झाला. स्पीकर न लावता आउटपुटचं डीसी व्होल्टेज मोजलं, जवळजवळ शून्य. हे मोजल्याशिवाय स्पीकर लावला आणि तिथे डीसी असलं, तर स्पीकरची कॉइल जळते. मगच स्पीकर जोडला. आवाज आला, सोबत बारीक गुणगुण. ती १०० हर्ट्झची, म्हणजे ५० च्या दुप्पट, रेक्टिफायरच्या पुढची. फिल्टरचा जुना कंडेन्सर बदलला, गुणगुण गेली.

वॅटचं खोटं

२एन३०५५ नंतर आयसीचा जमाना आला. सान्योचा ४४४० आयसी तर घराघरांत गेला. मुळात तो कारसाठी बनलेला, १२ व्होल्टचा. लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारा. आमच्यासारख्या भागात याहून चांगलं काय? आत ताप आणि शॉर्टपासून संरक्षणही असतं. म्हणजे जुने बिघाड कारखान्यातच सोडवून दिलेले.

पण अशा अ‍ॅम्पच्या डब्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं दिसलं की गणित करा. १२ व्होल्ट, ब्रिज जोडणी, ४ ओहमचा स्पीकर. जास्तीत जास्त १२ गुणिले १२, भागिले २, भागिले ४. उत्तर १८ वॅट. बाकी सगळी छपाई. आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला पॉवर साधारण दहापट लागते, हेही लक्षात ठेवा.

आता काय?

आज शे-दोनशे रुपयांत ब्लूटूथचा तयार बोर्ड मिळतो. तो गरम होत नाही, वीज कमी खातो, आणि मला तो आवडतोही. पण तो गेला की बदलायचा, उघडायचा नाही. तांत्रिकदृष्ट्या ही प्रगतीच आहे. हातातून जातंय ते शोधण्याचं कसब: कुठून सुरू करायचं, काय वगळायचं, आणि बळी सापडला तरी गुन्हेगार सापडेपर्यंत थांबायचं नाही. हे कसब आमच्याकडे कुठल्या कॉलेजात शिकवलं गेलं नाही. नाटकाच्या मांडवामागे, टॉर्चच्या उजेडात, एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत.

तुमच्या गावात असा मेकॅनिक असेल तर या सुट्टीत त्याच्याकडे जा. फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, चालेल का म्हणून. आणि पहिला प्रश्न ‘अ‍ॅम्प कसा बनवायचा?’ हा नको. विचारा, ‘काका, सगळ्यात जास्त काय बिघडायचं?’ मग बघा, ते किती बोलतात.

भेटू पुढच्या भागात.