ग्रामसभेला माणसं का थांबत नाहीत?

मंडळी, आपल्या बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक हातात घ्या आणि चार-पाच वर्षं मागं चाळत जा. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ ही ओळ कुठं ना कुठं भेटण्याची शक्यता दाट. नियम असा आहे की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी, तेवढी माणसं ग्रामसभेला हजर पाहिजेत. तेवढी नसली तर सभा तहकूब. आणि गंमत पुढं आहे. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट उरत नाही! म्हणजे शंभर माणसांनी जे ठरवायचं ते पंधरा जणांनी ठरवलं तरी कागद पक्का.

यावर गावातल्या शहाण्या लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘लोकांनाच काही पडलेलं नाही.’ मला हे अजिबात पटत नाही. हीच माणसं सप्ताहाला रात्री दोन वाजता उठून मंदिरात येतात, त्याचं काय? म्हणून आज जरा मागं जाऊन बघू, की आपल्या मुलखात ज्या सभा टिकल्या त्या कशावर टिकल्या, आणि ज्या विझल्या त्या कशानं विझल्या.

सुरुवात पुण्यापासून करतो, कारण तिथला पुरावा स्वच्छ आहे. २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतं पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले ‘सार्वजनिक काका’, यांनी एक अट घातली. सभेचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणायचं. पैसे भरले, नाव लिहिलं आणि झाला सभासद, असा प्रकार नव्हता. सुरुवातीचे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या घेऊन बसले होते. मुखत्यारपत्र हा कोर्टाच्या ओट्यावरचा शब्द काकांनी सभेत आणला, ते वकील होते म्हणूनच सुचलं असावं.

या अटीचा परिणाम काय होतो ते बघा. ज्याच्या पाठीमागं पन्नास सह्या आहेत त्याला गावात, पेठेत पन्नास माणसं विचारणार, ‘काय झालं हो आपल्या कामाचं?’ तो सभेला आला नाही तर त्याची गैरहजेरी त्याच्या एकट्याची राहत नाही. पुढं १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा सभेनं माणसं पाठवून जिल्ह्याजिल्ह्यांतली माहिती गोळा केली आणि सरकारला पत्रामागून पत्रं लिहिली. १८७८ पासून सभेचं त्रैमासिक निघालं. न्या. रानडे १८७१ ला पुण्यात आलेले, त्यांचा हात या सगळ्यामागं होता.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी एक आठवण सांगून ठेवली आहे. तरुण गोखले सभेसाठी रात्र रात्र जागून अर्जांचे मसुदे तयार करायचे आणि सरकारकडून उत्तर यायचं दोन ओळींचं. ते वैतागून रानड्यांना म्हणाले, या खटाटोपाचा उपयोग काय? रानड्यांच्या उत्तराचा आशय असा, की हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले आहेत, खरे ते आपल्या लोकांसाठी आहेत, लोकांनी या गोष्टींचा विचार कसा करायचा ते शिकावं म्हणून. रानड्यांचं हे म्हणणं मोठं आहे, पण मला ते अर्धंच पटतं. दोन ओळींचं का होईना, उत्तर येत होतं. १८९५ मध्ये सभेत टिळकपक्षाचं बहुमत झालं, १८९६ ला रानडे-गोखल्यांनी बाहेर पडून डेक्कन सभा काढली, आणि १८९७ मध्ये सरकारनं सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. दोन ओळीही बंद झाल्या. त्यानंतर सभेचा पूर्वीचा दरारा काही परत आला नाही. दारावर थाप मारणाऱ्याला आतून ‘कोण?’ असं तरी ऐकू यावं लागतं, नाहीतर तो दुसऱ्या दाराला जातो. (रानड्यांनीच १८७५ ला सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला मात्र आजही दर उन्हाळ्यात भरते. पण तिथं श्रोत्यानं ऐकायचं असतं, ठरवायचं काही नसतं. ती जात वेगळी.)

आता आपल्याकडं येऊ. पुण्यात हे सगळं चाललं होतं तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. आपल्याकडं सभा भरवणं हाच गुन्हा ठरू शकत होता. ‘गश्ती निशाण ५३’ हा शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी सापडतो. सभा घ्यायची तर आधी परवानगी. वक्ता कोण, विषय काय, सगळं सांगा, मग बघू.

अशा वेळी बोलणारी माणसं काय करतात? बोलण्याला दुसरं नाव देतात. अंबाजोगाईला तेव्हा सरकारी कागदात मोमिनाबाद म्हणत. १९३५ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत आले. बाबासाहेब परांजपेही त्याच वाटेनं आले. बाहेरून बघणाऱ्याला ती एक शाळा होती. आत काय शिजत होतं ते पुढं १९३८ नंतर दिसलं, जेव्हा त्या परिसरातली कितीतरी पोरं सत्याग्रहात उतरली. १९३७ ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथंही उघड राजकारण करायचं नाही हे पथ्य. मग चर्चा कशाची? शिक्षणाची, भाषेची, शेतकऱ्याच्या अडचणींची. म्हणजे राजकारणाचीच, फक्त दुसऱ्या दारातून. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस जन्माला यायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. आ. कृ. वाघमाऱ्यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिकही त्याच वर्षीचं. एका नावावर बंदी आली की ते दुसऱ्या नावानं निघायचं.

मला या काळाबद्दल एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं नुसता श्रोता कुणी नव्हताच. अंक आणणारा एक, लपवणारा दुसरा, चारजणांत वाचून दाखवणारा तिसरा. जो येईल त्याच्या हाताला काहीतरी लागायचं. सभेवर बंदी असताना जी माणसं जमत होती, ती सभा मोकळी झाल्यावर का जमेनात, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

याचं उत्तर शोधताना मी सप्ताहाकडं वळतो. काहींना ही तुलना चालणार नाही, न चालो. अखंड हरिनाम सप्ताह आपल्या जिल्ह्यात ज्या ताकदीनं चालतो तसं दुसरं काही चालत नाही. नारायणगड, भगवानगड यांचे फिरते नारळी सप्ताह तर गावागावांत ओढाताण करून मागून घेतले जातात. भक्तीचा भाग बाजूला ठेवून नुसती व्यवस्था बघा. विणा सात दिवस जमिनीवर टेकवायचा नाही. म्हणजे तो कुणाच्या तरी गळ्यात पाहिजेच. म्हणून पहाऱ्याची यादी. दोन ते चार अमका, चार ते सहा तमका, आणि दुसरा येईपर्यंत पहिल्याला हलता येत नाही. काकड्याला कोण, पारायणाला व्यासपीठ कुणाकडं, पंगत कुठल्या आळीची, भाकरी कुणाकडून, टाळकऱ्यांना चहा कोण देणार, पट्टी कोण गोळा करणार. कीर्तनकार बाहेरून येतो, दोन तास बोलतो आणि जातो. सप्ताह त्याच्यावर चालत नाही. माझ्याकडं गावच्या सप्ताहात पहाटेचा पहारा असतो. त्या दोन तासांत देवाची आठवण किती येते ते देव जाणे, पण पुढचा गडी येतो की नाही याकडं डोळे लागलेले असतात, आणि तो येतोच. कारण मी उभा आहे हे त्याला माहीत असतं.

सार्वजनिक काकांचं मुखत्यारपत्र आणि आपल्या सप्ताहातला विणा, दोन्हीकडं एकच युक्ती आहे. माणूस आला नाही तर जागा रिकामी दिसते.

आता ग्रामसभा. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात, मग १९६० ला महाराष्ट्रात. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आपल्याला लागू झाला आणि मतदारयादीतला प्रत्येक जण आपोआप ग्रामसभेचा सभासद झाला. सही नको, पन्नास माणसं नकोत, वर्गणी नको. लोकशाहीच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, काकांच्या सभेत सरदार, सावकार, वकीलच जास्त होते हे विसरून चालणार नाही. १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हाही नियम झाला. कागदावर आपली ग्रामसभा पुण्याच्या सभेपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण तिथं आलेल्या माणसाला काम काय? सतरंजीवर बसायचं, ग्रामसेवक वाचतो ते ऐकायचं, रजिस्टरवर सही नाहीतर अंगठा करायचा. चार जण बोलतात, ते नेहमीचेच. घरकुलाची यादी निघाली की मात्र गर्दी होते, आणि तेव्हा लोकांना स्वार्थी म्हणायला आपण मोकळे! अहो, घरकुलाच्या यादीत बोलल्याचा परिणाम दिसतो म्हणून माणूस येतो.

आणि बीडचं दुखणं तर आणखी वेगळं आहे. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. दसरा-दिवाळी झाली की आपली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती परत येतात पाडव्याच्या आगंमागं. २६ जानेवारीला अर्धं गाव फडात असतं. २ ऑक्टोबरला माणूस गावात असतो, पण उचल घेतलेली असते आणि मुकादमाचा फोन वाजत असतो. गावाच्या पुढच्या वर्षाचा विकास आराखडा मात्र याच ऑक्टोबर ते जानेवारीत ठरतो. ज्याच्या लेकराला हंगामी वसतिगृह हवंय, ज्याच्या म्हाताऱ्या आईला रेशन आणून द्यायला कुणी नाही, तो माणूस त्या आराखड्याच्या वेळी उसाची मोळी बांधत असतो. मग ‘लोकांना पडलेलं नाही’ हे वाक्य आपण नेमकं कुणाबद्दल बोलतो?

जुन्या अथेन्समध्येही हीच अडचण होती. लोकसभेला नागरिक येईनात म्हणून लाल रंगात भिजवलेला दोर बाजारातून ओढत आणायचे. कपड्याला रंग लागला की तो कामचुकार. पुढं त्यांना कळलं की गरीब माणूस रोज बुडवून येऊ शकत नाही, आणि इसवी सनपूर्व ४०० च्या सुमारास सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू केला. आपण अजून दोराच्याच पायरीवर आहोत, आणि दोरही आपल्याकडं टोमण्यांचा.

लांब कशाला, गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. गाव लहान, गोंडांचं. तिथं देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं दोन गोष्टी घडल्या. एक, ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. म्हणजे एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तरी गाव थांबणार, त्यामुळं त्या एकाला यावंच लागतं. दुसरं, सभेच्या आधी अभ्यासगट. तिथं निर्णय काहीच करायचा नाही, फक्त विषय समजून घ्यायचा. २००९ मध्ये त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो यातूनच. सगळीकडं सर्वसहमती जमेल असं मी म्हणत नाही. आपल्याकडची भावकी मला चांगली ठाऊक आहे, एका बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. पण अभ्यासगट जमण्यासारखा आहे. वाचनालयाच्या ओट्यावर पाच माणसं बसली तरी होतो.

आणि दुसरी एक गोष्ट तर कायद्यातच आयती ठेवलेली आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. आपल्याकडं हे अर्ध्या मिनिटात उरकतात. तिथंच थांबवायचं. मागच्या वेळी ठरलेल्या नाल्याचं काय झालं, कुणाकडं काम दिलं होतं, तो उभा राहून सांगू दे. नसेल झालं तर नाही झालं म्हणू दे. आणि नव्या प्रत्येक ठरावापुढं गावातल्या एका माणसाचं नाव लिहायचं, सदस्याचं नाही, साध्या गावकऱ्याचं. पहाऱ्याच्या यादीसारखं.

राहिला तारखेचा प्रश्न. चार तारखांशिवाय सरपंचाला एरवीही ग्रामसभा बोलावता येते. पितृपक्षात गावात लग्न नसतं, कार्य नसतं, टोळ्या अजून हललेल्या नसतात. त्या पंधरवड्यात रात्री आठनंतर, रोज न बुडवता, फक्त ऊसतोड कुटुंबांच्या विषयांची एक सभा घ्यायला काय हरकत आहे? आमच्या गावात यंदा तसा लेखी अर्ज करायचं आम्ही काहीजणांनी ठरवलं आहे. अर्जावर पन्नास सह्या पाहिजेत असं काही कायद्यात नाही, पण आम्ही पन्नासच घेणार आहोत. तुमच्या गावच्या २६ जानेवारीच्या सभेला रजिस्टरवर किती सह्या होत्या, आणि त्यातल्या किती बायकांच्या, हे कुणी बघून कळवलं तर बरं होईल.