दोन पिढ्यांची दुहेरी भूमिका

एकाच कलाकाराने एकाच कुटुंबातील वेगवेगळ्या पिढ्यांच्या व्यक्ती, बहुधा वडील व मुलगा किंवा आई व मुलगी, साकारणे म्हणजे दोन पिढ्यांची दुहेरी भूमिका होय. जुळ्या भावंडांच्या दुहेरी भूमिकेत सारखा चेहरा गोंधळाला कारण ठरतो. पिढ्यांच्या दुहेरी भूमिकेत मात्र तो वारशाची खूण असतो. मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या हिंदी चित्रपटसृष्टीत हा प्रकार विशेष रुजला. 'आराधना' (१९६९) आणि 'क्रिश' (२००६) ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत.

पूर्वपीठिका

भारतीय चित्रपटातील दुहेरी भूमिकेचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन' (१९१७) या मूकपटापासून मानला जातो. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. स्त्रिया चित्रपटात काम करण्यास सहसा तयार नसण्याच्या त्या काळात ही सोय होती, नात्यातील साम्य दाखवण्याचा हेतू तीत नव्हता. साम्यालाच कथेचा आधार करण्याची पद्धत पुढे बोलपटांच्या काळात आली. परदेशात 'टू ईच हिज ओन' (१९४६) या अमेरिकन चित्रपटात जॉन लुंड यांनी वडील व मुलगा अशा दोन्ही भूमिका केल्या. 'काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स' (१९४९) या ब्रिटिश विनोदी चित्रपटात ॲलेक गिनेस यांनी एकाच घराण्यातील अनेक स्त्री-पुरुष रंगवले.

'आराधना' आणि अंधेरीचा नटराज स्टुडिओ

'टू ईच हिज ओन'च्या कथेशी निकटचे नाते असलेला 'आराधना' हा चित्रपट शक्ती सामंत यांनी दिग्दर्शित केला. अंधेरी पूर्वेचा नटराज स्टुडिओ हे त्यांच्या चित्रसंस्थेचे केंद्र होते. कथा सचिन भौमिक यांची होती. चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर दुसऱ्या एका चित्रपटाचा शेवट आपल्या कथेसारखाच असल्याचे सामंत यांना आढळले आणि त्यांनी हा चित्रपट सोडून देण्याचे ठरवले. कादंबरीकार गुलशन नंदा आणि मराठी नाटककार मधुसूदन कालेलकर यांच्या आग्रहामुळे उत्तरार्ध नव्याने रचला गेला व मुलाची भूमिकाही राजेश खन्ना यांनाच देण्याचे ठरले, अशी आठवण सामंत यांनी सांगितली आहे.

कथेत वैमानिक अरुणचा मृत्यू होतो. त्याच्यापासून झालेला मुलगा वंदनाला दुसऱ्या कुटुंबाच्या हाती सोपवावा लागतो. पुढे अनेक वर्षांनी तरुण सूरज तिच्यासमोर येतो, तो अरुणचाच चेहरा घेऊन. तो आपला मुलगा आहे हे तिला ठाऊक असते, त्याला मात्र ती कोण हे ठाऊक नसते. गमावलेल्या पतीचे दर्शन आणि दुरावलेल्या मुलाची भेट या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यामुळे एका क्षणी घडतात. मुलासाठी वेगळा नट घेतला असता, तर हे साम्य संवादांतून सांगावे लागले असते.

या योजनेचा भार आईच्या भूमिकेवर पडतो. नायक उत्तरार्धातही तरुणच राहतो, नायिकेला मात्र वृद्ध व्हावे लागते. प्रत्यक्षात शर्मिला टागोर राजेश खन्ना यांच्यापेक्षा सुमारे दोन वर्षांनी लहान होत्या. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

चित्रीकरणाचे तंत्र

'आराधना'त मुलाच्या जन्मापूर्वीच वडील मरण पावतात, त्यामुळे दोघे एका दृश्यात येत नाहीत. 'अदालत' (१९७६), 'देशप्रेमी' (१९८२) आणि 'आखरी रास्ता' (१९८६) या अमिताभ बच्चन यांच्या चित्रपटांत वडील व मुलगा समोरासमोर येतात. 'बैराग' (१९७६) मध्ये दिलीप कुमार यांनी आणि 'महान' (१९८३) मध्ये अमिताभ बच्चन यांनी वडील व दोन जुळे मुलगे अशा तिहेरी भूमिका केल्या.

संगणकापूर्वी अशा दृश्यांसाठी कॅमेरा एका जागी घट्ट बसवून भिंगाचा अर्धा भाग झाकत. कलाकार एका बाजूला अभिनय करी. मग फिल्म मागे गुंडाळून, वेश व रंगभूषा बदललेल्या त्याच कलाकाराचे दुसऱ्या बाजूला चित्रण होई. कॅमेरा किंचित हलला किंवा हाताची सावली मधली रेषा ओलांडून गेली, तर दृश्य वाया जाई. म्हणून अनेक ठिकाणी पाठमोरा बदली कलाकार उभा करून एका वेळी एकच चेहरा दाखवला जाई. कॅमेऱ्याची हालचाल संगणकाच्या साहाय्याने जशीच्या तशी पुन्हा करता येऊ लागल्यावर हे बंधन सैल झाले. 'बॅक टू द फ्यूचर' मालिकेच्या दुसऱ्या भागात (१९८९) मायकेल जे. फॉक्स यांनी नायक, त्याचा मुलगा व मुलगी या भूमिका केल्या. तिसऱ्या भागात (१९९०) ते नायकाचे खापरपणजोबाही झाले.

उत्तरभागांतील वापर

उत्तरभागात पिढी बदलली तरी प्रेक्षकांचा आवडता नट कायम ठेवण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. राकेश रोशन यांच्या 'कोई... मिल गया' (२००३) मध्ये हृतिक रोशन यांनी रोहित मेहरा साकारला. रोहितच्या वडिलांची छोटी भूमिका हृतिक यांचे वडील राकेश रोशन यांनीच केली होती. 'क्रिश' मध्ये हृतिक रोहितचा मुलगा कृष्णा झाले आणि वयस्कर रोहितही त्यांनीच रंगवला. 'क्रिश ३' (२०१३) मध्ये दोन्ही भूमिका पुढे चालू राहिल्या. रेखा पहिल्या चित्रपटात आई, तर दुसऱ्यात आजी होत्या. रोहितला लाभलेली विलक्षण शक्ती मुलात उतरते, हा या कथेचा पाया असल्याने समान चेहरा येथे वारशाचा पुरावाच ठरतो. 'आराधना'चे कथाकार सचिन भौमिक हे 'कोई... मिल गया' व 'क्रिश' यांच्या लेखकांपैकीही एक होते.

दक्षिणेत 'बाहुबली'च्या दोन भागांत (२०१५, २०१७) प्रभास यांनी अमरेंद्र व महेंद्र हे पिता-पुत्र साकारले.

आई-मुलीच्या भूमिका

अभिनेत्रींच्या वाट्याला अशा भूमिका तुलनेने कमी आल्या. 'मौसम' (१९७५) मध्ये आई व मुलगी साकारणाऱ्या शर्मिला टागोर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीदेवी यांनी 'लम्हे' (१९९१) व 'खुदा गवाह' (१९९२) या दोन चित्रपटांत आई व मुलगी साकारल्या. 'मौसम' आणि 'लम्हे' या दोन्ही कथांत आईवर प्रेम केलेल्या पुरुषापुढे तिचाच चेहरा असलेली मुलगी येते व त्यातून नैतिक पेच उभा राहतो.

खऱ्या नात्यांची पात्रयोजना

याच्या उलट पद्धतीत खऱ्या कुटुंबातील व्यक्तीच पडद्यावरील पिढ्या साकारतात. चेंबूर येथील आर. के. स्टुडिओचे संस्थापक राज कपूर यांच्या 'आवारा' (१९५१) मध्ये पृथ्वीराज कपूर वडील, राज कपूर मुलगा आणि शशी कपूर त्या मुलाचे बालपण, अशी योजना होती. पृथ्वीराज यांचे वडीलही त्यात न्यायाधीशाच्या छोट्या भूमिकेत दिसतात. 'कल आज और कल' (१९७१) मध्ये पृथ्वीराज, राज व रणधीर कपूर आजोबा, वडील व नातू झाले.

मराठीत उत्तरभाग कमी निघत असल्याने पिढ्या जोडण्याची उदाहरणेही थोडी आहेत. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) चे नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. त्यामुळे 'झपाटलेला २' (२०१३) मध्ये त्यांना पुन्हा वडील किंवा मुलगा म्हणून आणणे शक्य नव्हते. कथेतील लक्ष्याच्या मुलाची भूमिका महेश कोठारे यांचे पुत्र आदिनाथ कोठारे यांनी केली. येथे वारसा चेहऱ्यातून नव्हे, तर आडनावातून, आठवणींतून आणि पुन्हा परतलेल्या तात्या विंचूतून दाखवला गेला.