साखरेचें दैनिक माप

मनुष्यानें दिवसाकांठीं साखर किती खावी, हा प्रश्न सामान्यतः वैद्याला विचारण्याचा समजला जातो. आणि वैद्यकानें त्याचें उत्तर आतां आंकड्यांनीं दिलें आहे. इ. स. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें असें सांगितलें कीं, आहारापासून मिळणाऱ्या एकंदर उष्मांकांपैकीं मोकळ्या साखरेचा वांटा शेंकडा १० हून कमी असावा, आणि तो शेंकडा ५ च्याहि खालीं नेतां आल्यास अधिक हितावह. दिवसाला २,००० उष्मांकांचा आहार धरल्यास हें प्रमाण अनुक्रमें सुमारें ५० व २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे बारा व सहा चमचे, इतकें होतें. ‘मोकळी साखर’ म्हणजे खाद्यपेयांत वरून घातलेली साखर, आणि तिच्याच जोडीला मध, पाक व फळांचे काढलेले रस यांतील साखर. गूळ आणि काकवी यांनाहि या हिशेबांतून सूट नाहीं. सबंध फळांतील व दुधांतील साखर मात्र त्यांत मोजीत नाहींत.

हें माप योग्य कीं कडक, याचा वाद वैद्यांनीं करावा. प्रस्तुत लेखांत निराळ्याच गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. हें प्रमाण पाळणें म्हणजे ज्याच्या त्याच्या संयमाची बाब, असें आपण धरून चालतों. परंतु साखरेचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, माणसाच्या ताटांत किती साखर पडावी हें त्याच्या जिभेनें अथवा विवेकानें फार क्वचित् ठरविलें आहे. तें ठरविलें भावानें, जकातीनें आणि युद्धानें.

उसाच्या रसापासून साखरेचे दाणे पाडण्याची विद्या जगाला दिली ती आपल्या देशानें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा असे उसाच्या रसाचे पांच प्रकार कोठारांत ठेवण्याच्या वस्तूंत सांगितले आहेत. ‘शर्करा’ या शब्दापासून फारसी व अरबी भाषांच्या वाटेनें युरोपीय भाषांतील साखरेचीं नांवें निघालीं. तिच्या अतिरेकाचा धोकाहि येथें अज्ञात नव्हता. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना बसून राहण्याचें सुख, झोंपेचें सुख, दहीं व नवें धान्य यांच्याच पंक्तीला गुळाचे पदार्थ बसविले आहेत. परंतु त्या ठिकाणीं रोज अमुक तोळे खावे असें माप नाहीं. जी वस्तु बहुजनांच्या घरीं रोज ओतप्रोत येतच नाहीं, तिचें दैनिक माप ठरविण्याची गरज कोणास वाटावी?

ती गरज निर्माण होण्याचा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो इंग्लंडांत. मध्ययुगांत तेथें साखर औषधविक्यांकडे मिळे व श्रीमंतांच्या मेजवानीची शोभा वाढवी. इ. स. १७०० च्या सुमारास तेथील माणशीं खप वर्षाला अवघा ४ रत्तल होता; म्हणजे दिवसाला सुमारें ५ ग्रॅम, एक लहान चमचा. १८०० च्या सुमारास तो १८ रत्तलांवर गेला आणि १९०० च्या सुमारास ९० रत्तलांपर्यंत पोंचला. हा शेवटचा आंकडा दिवसाला ११० ग्रॅमांहून अधिक भरतो. दोनशें वर्षांत इंग्रज माणसाची जीभ कांहीं बदलली नव्हती. मग बदललें काय?

पहिली गोष्ट ही कीं, बार्बेडोस, जमेका वगैरे बेटांवरील मळ्यांत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमानें साखर विपुल झाली. त्या विपुलतेची किंमत कोण देत आहे, हें इंग्लंडांतील कांहीं लोकांना कळलें होतें. १७९१ सालीं गुलामांची साखर वर्ज्य करण्याची चळवळ तेथें निघाली आणि हजारों कुटुंबांनीं ती साखर सोडली. साखरेच्या इतिहासांत लोकांनीं स्वेच्छेनें हात आवरल्याचा हा अत्यंत ठळक प्रसंग. आणि तोहि प्रकृतीसाठीं नव्हे, तर दुसऱ्याच्या दुःखासाठीं. १८०७ सालीं गुलामांचा व्यापार व १८३३ च्या कायद्यानें गुलामगिरी बंद झाली. पण साखरेची मागणी बंद झाली नाहीं. मळ्यांतील रिकाम्या जागा भरण्यासाठीं १८३४ पासून हिंदी मजूर गिरमिटावर मॉरिशस बेटांत जाऊं लागले. त्यांत कोंकणांतील मराठी माणसेंहि होतीं, आणि त्यांचे वंशज तेथें अद्यापि आपलें मराठीपण राखून आहेत.

दुसरी गोष्ट जकातीची. मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १७४७ सालीं बीटच्या कंदांत उसासारखीच साखर असल्याचें दाखविलें होतें. पुढील शतकांत युरोपांतील बीटची साखर उसाच्या साखरेशीं स्पर्धा करूं लागली व भाव उतरले. १८७४ सालीं ब्रिटिश सरकारनें साखरेवरील जकात काढून टाकली. तेव्हां गोड चहा, पाव आणि मुरंबा हें गिरणींतील मजुराचें नित्याचें अन्न बनलें. पोटास स्वस्तांत आधार देणारी दुसरी वस्तु त्याच्या हातीं फारशी नव्हती. त्याला खादाड म्हणणें म्हणजे त्याच्या गरिबीलाच दूषण देणें होय.

हें वाढतें प्रमाण एकाएकीं खालीं आणलें तें वैद्यांच्या उपदेशानें नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धानें. इंग्लंडला पुष्कळशी साखर समुद्रापलीकडून आणावी लागे, आणि जहाजें तर शत्रूच्या पाणबुड्यांच्या तोंडीं सांपडलेलीं. ८ जानेवारी १९४० पासून तेथें साखरेचें शिधावाटप सुरू झालें. आरंभीं माणशीं आठवड्याला पाऊण रत्तल आणि पुढें बराच काळ अर्धा रत्तल साखर मिळे. अर्धा रत्तल म्हणजे दिवसाला सुमारें ३२ ग्रॅम. १९४२ पासून मिठाईचेंहि निराळें शिधावाटप झालें. राजवाडा असो वा झोंपडी, शिधा सर्वांस सारखा. १९५३ च्या फेब्रुवारींत मिठाईवरील व सप्टेंबरांत साखरेवरील बंधन उठलें, आणि थोड्याच काळांत माणसामागें दिवसाचें सेवन सुमारें ४० ग्रॅमांवरून ८० ग्रॅमांवर, म्हणजे दुपटीवर गेलें.

या घटनेचें महत्त्व कळून येण्यास सत्तर वर्षें लागलीं. बंधन उठण्याच्या आगेमागें, १९५१ ते १९५६ या काळांत, जन्मलेल्या लोकांच्या उतारवयांतील प्रकृतीची तुलना करणारा एक अभ्यास २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचे गर्भवासाचे महिने व बाल्याचीं पहिलीं वर्षें शिधावाटपाच्या काळांत गेलीं, त्यांच्यांत मधुमेहाचा धोका सुमारें शेंकडा ३५ नें व रक्तदाबाचा सुमारें शेंकडा २० नें कमी आढळला. ज्यांना हे रोग जडले त्यांनाहि ते अनुक्रमें सुमारें चार व दोन वर्षें उशिरां जडले. अशा तुलनेंत इतर कारणांचा अंशहि मिसळला नसेल असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. तथापि आईच्या ताटांतील चमचाभर साखरेचा हिशेब मुलाच्या साठीपर्यंत चालू राहतो, ही शंका तरी त्यानें बळकट केली आहे.

जपानांतहि युद्धानें असेंच केलें. युद्धापूर्वीं तेथें माणशीं वर्षाला १५ किलो साखर मिळत असे. १९४६ सालीं तें प्रमाण ०.२ किलोवर आलें. साखर घटली तसें दांत किडण्याचें प्रमाणहि घटलें, आणि साखर परत आल्यावर कीडहि परतली. जागतिक आरोग्य संघटनेनें शेंकडा ५ ची जी शिफारस केली, तिला आधार दिला तो अशा प्रकारच्या निरीक्षणांनीं. इंग्लंडांतहि २०१५ सालीं प्रौढांसाठीं दिवसाला ३० ग्रॅमांहून अधिक मोकळी साखर नको असें तज्ज्ञांनीं सांगितलें. जहाजें वांचविण्यासाठीं अन्नखात्यानें दिलेला शिधा आणि प्रकृति वांचविण्यासाठीं शास्त्रानें दिलेला सल्ला, यांत दिवसाला अवघ्या दोन ग्रॅमांचें अंतर असावें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

मग हें ज्ञान लोकांपर्यंत पोंचण्यास इतका विलंब कां लागला? याचें उत्तर पुनः बाजारांतच सांपडतें. जॉन युडकिन या ब्रिटिश आहारशास्त्रज्ञानें १९७२ सालीं साखरेविरुद्ध पुस्तक लिहिलें, तेव्हां त्याची उपेक्षाच अधिक झाली. त्यापूर्वीं १९६७ सालीं अमेरिकेंतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकांत हृदयरोगाचा दोष चरबीवर ठेवून साखरेला हलक्या हातानें सोडणारा लेख आला होता. त्याच्या लेखकांना साखर-उत्पादकांच्या संस्थेनें पैसे दिले होते, ही गोष्ट उजेडांत आली २०१६ सालीं. २००३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत शेंकडा १० ची मर्यादा आली, तेव्हां तर अमेरिकन साखर-उद्योगाच्या संघानें संघटनेस मिळणारा अमेरिकन पैसा बंद करविण्याची धमकी दिली. अहवाल मागें घेतला गेला नाहीं, हें संघटनेला भूषणावह होय.

यावर कोणी म्हणेल, “आमच्या सणासुदीच्या पुरणपोळीवर व श्रीखंडावरहि आतां पहारा बसवावयाचा काय?” तसें मुळींच नाहीं. सणाचें गोड वर्षांतून मोजक्या वेळां येतें आणि उघड्या डोळ्यांनीं खाल्लें जातें. खरी अडचण न दिसणाऱ्या साखरेची आहे. ३३० मिलिलिटरच्या एका सामान्य कोला पेयाच्या डब्यांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते; तो रिकामा होतांच इंग्लंडांत सांगितलेलें सबंध दिवसाचें माप ओलांडलें जातें, आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ताहि नसतो. तेथील सरकारनें २०१८ च्या एप्रिलांत अशा पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर बसविला. त्याची घोषणा होतांच पुष्कळ उत्पादकांनीं कर टाळण्यासाठीं पेयांतील साखर आपणहून कमी केली. जें काम उपदेशानें साधलें नव्हतें, तें कराच्या नुसत्या चाहुलीनें बरेंचसें साधलें.

सारांश, दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम साखर पुरे, हा सल्ला आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं दारिद्र्यानें किंवा युद्धानें पाळावयास लावला. आज प्रथमच तो समजून-उमजून पाळण्याची वेळ आली आहे. परंतु ज्या प्रमाणाला मळेवाले, जकातवाले व कारखानदार यांनीं मिळून वाढविलें, तें एकट्यादुकट्याच्या निग्रहानें उतरेल अशी अपेक्षा करणें इतिहासाला धरून नाहीं. घरांतील चमचा ज्यानें त्यानें आवरावा, हें योग्यच. बाटलींतील चमचे मोजण्याचें आणि मोजून दाखविण्याचें काम मात्र समाजाचें आहे.