उपवास करताय? भगर आणि शुगरची गोळी, दोन्हीकडे लक्ष द्या

बदलापूर : श्रावण आला की सोनिवलीपासून अंबरनाथपर्यंत घरोघरी उपवास सुरू होतात. पण सगळे उपवास सारखे नसतात.

साबुदाणा-बटाट्याचा फराळ म्हणजे ‘एकादशी, दुप्पट खाशी’च! साबुदाण्यात जवळपास निव्वळ पिष्ट, त्यामुळे शुगर झपाट्याने वाढते. त्यापेक्षा राजगिरा, ताक बरं. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास धडधाकट माणसाला एक दिवस सोसतो. गरोदर महिलांनी आणि किडनीच्या रुग्णांनी तो करूच नये.

दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांत जेवण उरकायची डॉ. श्रीकांत जिचकारांची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी राज्यभर पोहोचवली. अधेमधे खाणं थांबतं, म्हणून अनेकांचं वजन उतरतं. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. गोळी पोटात आणि पोट रिकामं, की शुगर धाडकन खाली येते. दरदरून घाम, थरथर जाणवली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. उपवास मोडला तरी चालेल. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरा धोका भगरीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाण्याच्या लोणार तालुक्यात सोमठाणा इथे एकादशीच्या प्रसादातून दोनशेहून अधिक जणांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, रस्त्यावर दोरीला सलाईन बांधून उपचार झाले. ओलाव्याने भगरीला बुरशी धरते. म्हणून सुटं पीठ नको. पाकीटबंद भगर तारीख बघून घ्या, लागेल तेवढीच दळा आणि शिजवलेली ताजीच खा.