अस्तंब्याची वाट

पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर देण्याचे ऋण बरीच वर्षे माझ्या डोक्यावर होते. एव्हरेस्टचा धडा चालू होता. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर कसे पोचले, ते मी मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. शेवटच्या रांगेत धडगावकडचा एक पावरा मुलगा बसे. तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमच्या अस्तंब्यावर पहिल्यांदा कोण चढलं?"

वर्ग हसला. खोटे कशाला सांगू, मीही हसलो. "अरे, ती जत्रेची टेकडी. तिथं चढायचं ते काय?" असे म्हणून पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. मुलगा खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही.

वाचकहो, ती टेकडी नव्हे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या ऐन गाभ्यात उभा असलेला अस्तंबा सुमारे १,३२५ मीटर उंच आहे. तळोद्याच्या सपाटीवरून पायी निघालेल्याला हजार मीटरांहून अधिक चढण अंगावर घ्यावी लागते. धनत्रयोदशीला येथे यात्रा सुरू होते आणि महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश या तिन्ही मुलखांतून माणसे लोटतात. कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा अशी एकेक ठिकाणे मागे टाकीत ती रात्रीची डोंगर चढतात.

अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. लोक त्याला अस्तंबा ऋषी म्हणतात. महाभारतातल्या सौप्तिक पर्वाची कथा आपण जाणतोच. झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना त्याने रात्री मारले. त्याच्या मस्तकीचा मणी गेला, आणि तीन हजार वर्षे निर्जन रानांत एकट्याने भटकशील, असा शाप श्रीकृष्णाने दिला. लोकांनी कथा पुढे नेली. मणी गेल्याची जखम भरत नाही, म्हणून तो तेल मागत फिरतो, आणि वाट चुकलेल्याला वाटेलाही लावतो. नर्मदेच्या परिक्रमेत शूलपाणीच्या झाडीतून जाणारे त्याच्या भेटीच्या गोष्टी सांगतात. तिकडे बऱ्हाणपुराजवळच्या असीरगडावरही तो येतो म्हणतात.

सरकारी कागदांतला सातपुडा मात्र निराळा आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातले भिल्ल नव्या सरकारला जुमानीनात. नुसत्या बंदुकांनी भागेना, तेव्हा १८२५ साली जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. पुढे १८७८चा जंगल कायदा आला. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा खंड छापून निघाला. बंड कोठे दडेल आणि लाकूड कोठून निघेल, या दोन चिंतांनीच सरकार डोंगराकडे पाहत होते. त्या डोंगरावर माणसे देवाला तेल घेऊन जातात, ही गोष्ट त्या हिशेबात कोठे बसणार?

माझा तो विद्यार्थी मोठा झाला, शेती पाहू लागला. एकदा दिवाळीच्या बाजारात भेटला. मी म्हणालो, "मला अस्तंब्यावर नेशील का रे?"

"चला ना, गुरुजी. बूट घाला, आणि तेल घ्या."

धनत्रयोदशीची रात्र म्हणजे काळोखच. चंद्राची कोर उगवणार ती पहाटे. खाली-वर बॅटऱ्यांच्या उजेडाची रांग हलत होती. वाळलेले गवत पायाला लागे, मुरूम पायाखालून सुटे. मी मागे पडलो की तो काही न बोलता हळू चाले. एका खड्या चढणीवर माझा गुडघा धरला. त्याने मला दगडावर बसवले, पिशवीतली तेलाची बाटली काढली आणि गुडघा चोळू लागला.

"अरे, ते देवाचं तेल!"

"जखमेसाठीच असतं ना ते, गुरुजी? उरेल ते देवाला."

मी गप्प बसलो. आपल्या घरोघरी आई मुलांना अभ्यंगाचे तेल लावते त्याच सणाला ही माणसे एका शापित, घरदार नसलेल्या जिवासाठी एवढी चढण चढून तेल नेतात. सपाटीवरच्या कथेने ज्याला रानात हाकलले, त्याला रानाने आपला म्हटले.

शिखराशी पोचलो तेव्हा पूर्वेकडे फटफटत होते. उरलेले तेल वाहिले. मी विचारले, "तुझा तो प्रश्न आठवतो?"

"आठवतो. तुम्ही हसला होता."

त्यावर मला काही बोलता आले नाही.

आता डोंगरात रस्ते झाले आहेत, पुष्कळ लोक गाड्यांनी येतात. २०२५च्या ऑक्टोबरात यात्रेहून परतणारी एक गाडी चांदसैली घाटात कोसळली आणि कितीतरी घरांतली दिवाळी विझली. उत्तरेला नर्मदेवर सरदार सरोवर झाले. त्याच्या पाण्याने महाराष्ट्रातल्या ३३ गावांना वेढले, आणि गावांबरोबर त्यांच्या पायवाटाही गेल्या. वाट कागदावर नसेल तर ती पायांतच जगते. पाय थांबले की ती गेली.

एव्हरेस्टचा धडा मी आजही शिकवतो. पण आधी सांगतो, की तेनसिंग १९३५ साली त्या पर्वतावर प्रथम गेला तो दुसऱ्यांची ओझी वाहायला. मग फळ्यावर कोठारपासून अस्तंब्यापर्यंतची वाट काढतो. एकेका ठिकाणाचे नाव डोंगरातल्या मुलांनाच विचारतो. ती सांगतात, मी लिहितो. दोन-तीन नावे मी चुकीची लिहीत होतो, तीही त्यांनीच सुधारली.

पहिला कोण चढला, असे अजून एखादे मूल विचारते. मी म्हणतो, "पहिला असा एकटा कोणी नाही, बाळ. तिथं माणसं नेहमी रांगेनं गेली. तुझ्या घरातलं कोण कोण गेलं, ते आज विचारून ये."

दुसऱ्या दिवशी पाटीभर नावे येतात.