मनुष्यबळ व्यवस्थापन : गिरणीचा जॉबर ते एचआर विभाग

उद्योगातील भरती, वेतन, बढती व शिस्त यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या शाखेस मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात. पाठ्यपुस्तकांत ते शास्त्र म्हणून मांडले जाते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहता मात्र त्याचे स्वरूप समाज आणि बाजार यांनीच ठरविल्याचे दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी, सातारा या भागांतून शेतीवर पोट न भरणारी माणसे गिरणगावात येऊ लागली. त्यांना कामावर घेण्याचा अधिकार जॉबरच्या हाती असे. तो गावच्या, नात्यागोत्याच्या माणसांना आणी, दस्तुरी घेई आणि मर्जी फिरली की कामावरून काढूनही टाकी. वेगळ्या भरती खात्याची गरज मालकांना भासलीच नाही. जातिभेद तर थेट मागापर्यंत पोहोचला होता. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला.

पुढील बदलही बाहेरच्या दबावानेच घडले. वारंवारच्या संपांनंतर कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ मध्ये जॉबरचा भरतीचा अधिकार काढून कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. २०२० च्या संहितेत ही मर्यादा २५० वर आली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कापडाचे उत्पादन भिवंडीसारख्या गावांतील यंत्रमागांकडे अधिकच झुकले, आणि तेथील लहान कारखान्यांना कल्याण अधिकाऱ्याची तरतूद लागूच नव्हती.

‘एचआर’ हा शब्द आला तो वेगळ्या वाटेने. लार्सन अँड टुब्रोने १९७५ मध्ये उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभारला. १९९१ नंतर माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात कुशल माणसांची टंचाई जाणवू लागली, तेव्हा त्यांना टिकवून धरणे हेच या विभागाचे मुख्य काम झाले. कारखान्यांत मात्र कायम कामगारांच्या बरोबरीने त्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराची भरती ठेकेदार करतो; त्याचे नाव कंपनीच्या पटावर नसते.